स्क्रॅपबुकिंगचं चॅलेंज घेतलं आणि मजाच गेली, कोणाचं असं झालंय का?

अर्धवट_पान (डोंबिवली)

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

२०२१ च्या लॉकडाऊनमध्ये मला स्क्रॅपबुकिंगचा, म्हणजे फोटो सजवून चिकटवहीत लावायचा नाद लागला. झालं काय की फोनची मेमरी फुल झाली म्हणून फोटो डिलीट करायला बसले आणि लक्षात आलं की लेकाच्या पहिल्या पाच वर्षांचा एकही फोटो कागदावर नाहीये, आमच्या लहानपणी निदान वर्षाला एक रोल तरी धुवून यायचा. मग शंभरेक फोटो प्रिंट करून आणले, यूट्यूब बघितलं आणि जे सुरू झालं ते झालंच. वॉशी टेप (रंगीत कागदी चिकटपट्टी), डाय कट (साच्याने कापलेले कागदी आकार), पॅटर्न पेपरचे पॅड, झिगझॅग कात्र्या तीन (तीन कशाला? मलाही माहीत नाही). एक अख्खा ड्रॉवर भरलाय, नवरा त्याला स्टेशनरीचं दुकान म्हणतो.

यंदा जानेवारीत इन्स्टावर ५२ आठवड्यांचं चॅलेंज घेतलं. दर सोमवारी एक विषय आणि एक स्केच येतं, म्हणजे फोटो कुठे, टायटल कुठे, मजकूर कुठे याचा चौकोन चौकोन काढलेला नकाशा, त्यावरून रविवार रात्रीपर्यंत आपलं पान करून टाकायचं. पहिले पाच-सहा आठवडे मी हवेत होते. मग मुलाची परीक्षा आली, नणंदेकडे वास्तुशांत झाली, दोन आठवडे राहिले, दोनाचे चार झाले, आता सात पानं बाकी आहेत आणि खरं सांगते तो ड्रॉवर उघडायचीच भीती वाटते. ऑफिसमधलं पेंडिंग काय कमी आहे का म्हणून हे आणखी.

शिवाय विषय बघा, एका आठवड्यात 'स्नो डे'. डोंबिवलीत! मी फ्रीझरमध्ये साठलेला बर्फ खरवडतानाचा फोटो लावला, विनोद म्हणून, दोन लाइक आले, त्यातला एक बहिणीचा.

सासूबाई परवा पान बघून म्हणाल्या, "चिकटवहीच ना ही? आम्हीपण करायचो शाळेत, पण आम्हाला मार्क मिळायचे."

तर प्रश्न असा की चॅलेंज सोडून देऊ का, की दुसऱ्या कुठल्या प्रकारची असतात ज्यात जीव गुदमरत नाही? आणि तुमच्यापैकी कोणी एकत्र बसून करतं का? एकटीने करायचा कंटाळा येतो पण ते बोलायला लाज वाटते, चाळिशीत चिकटवहीसाठी मैत्रिणी शोधतेय असं वाटतं.

खळ_आणि_कात्री

सात पानं म्हणजे काहीच नाही हो, मी २०१९ च्या चॅलेंजचा चौथा आठवडा अजून करतेय 😄

सीरियसली, ती सात पानं माफ करून टाका, कर्जमाफी समजा. मागचं भरून काढायचंच असा नियम कुणी केलाय? सोमवारी जो आठवडा चालू असेल तिथून चालत्या गाडीत चढा. शाळेत आजारी पडलो की वही पूर्ण करायला लागायची ना, ती सवय आपल्या हाडात मुरलीये, बाकी काही नाही.

आणि त्या ड्रॉवरचा फोटो टाका आधी. तीन झिगझॅग कात्र्यांवर थांबलात म्हणजे संयमी आहात.

थेट_बोलू

कडू बोलतो, राग मानू नका. ही बरीचशी चॅलेंजेस सामान खपवायला असतात. ज्यांची पानं बघून तुम्हाला न्यूनगंड येतो त्यातल्या अनेकांना कंपन्या माल फुकट देतात, त्याला डिझाइन टीम म्हणतात, त्यांचं कामच ते आहे की नवीन कलेक्शन वापरून सुंदर पान करायचं. तुम्ही घरी परीक्षा नि वास्तुशांत सांभाळून त्यांच्याशी स्पर्धा लावताय. सोडा ते. स्वतःसाठी करा.

निवांत_नागपूर

थेट_बोलू यांचं निम्मं बरोबर आहे. निम्मं नाही, कारण चॅलेंज नसतं तर मी हा छंद दुसऱ्याच वर्षी सोडला असता. बारा वर्षं झाली मला, म्हणून जरा सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

"स्वतःसाठी करा" हे ऐकायला छान आहे पण कोरा कागद समोर असला आणि २०० फोटो असले की माणूस काहीच करत नाही, फोटो लावून बघतो, उचलतो, परत लावतो, तासाभराने उठून कुकर लावतो. चॅलेंजचा उपयोग एवढाच की दहा गोष्टींतल्या नऊ कुणीतरी ठरवून देतं आणि आपण एकीवर डोकं चालवतो. पण प्रत्येक प्रकार वेगळी गोष्ट ठरवून देतो आणि आपलं घोडं कुठे अडतं त्याप्रमाणे प्रकार निवडायचा, हे कुणी सांगत नाही.

मांडणी सुचत नसेल तर स्केच चॅलेंज. रंग जुळत नसतील तर रंगांचं, म्हणजे एखादा फोटो देतात आणि त्यातले चार रंग वापरायचे. सामान साठलं असेल तर बिंगो, नऊ चौकोन असतात, बटण, दोरा, तिकीट, शिक्का, काहीतरी फाडलेलं असं, आणि आडवी-उभी-तिरपी एक ओळ पकडून त्यातल्या तिन्ही वस्तू पानात आल्या पाहिजेत. स्क्रॅपलिफ्ट म्हणजे दुसऱ्याच्या पानाची मांडणी उचलायची, त्याचं नाव देऊन, आणि आपले फोटो घालायचे, सुरुवातीला हात बसायला याच्याइतकं चांगलं काही नाही, चोरी वगैरे वाटून घेऊ नका. आणि पाचवा प्रकार विषयाचा, तिथे तुमचं घोडं अडलंय असं मला दिसतंय. तुम्हाला मांडणी येते, सामान आहे, फक्त विषय परका येतोय. फॉल लीव्हज, स्नो डे, थँक्सगिव्हिंग. त्यांच्या जागी ते बरोबर आहे, त्यांचं वर्ष तसं फिरतं. आपलं वर्ष वेगळं फिरतं.

मी चार वर्षांपूर्वी काय केलं, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या भरल्या. पहिला पाऊस. वाळवणं. शाळेची नवी पुस्तकं आणि तपकिरी कव्हरं. लाइट गेली ती रात्र. पाहुणे गेल्यावरचं घर. शेजारणीकडून आलेली वाटी (आणि परत काय भरून दिलं). घरातली दुरुस्त करून करून वापरलेली वस्तू. दर पंधरा दिवसांनी एक चिठ्ठी, दर आठवड्याला नाही, आठवडा हा नोकरी करणाऱ्या बाईला पुरत नाही. स्केच मात्र अजून त्या परदेशी चॅलेंजवरूनच घेते. त्यांचा नकाशा, आपलं गाव.

मागच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत बघायला गेलो होतो लेकीला घेऊन. नागपूरबाहेरच्यांसाठी, काळी आणि पिवळी अशा दोन मोठ्या मारबतींची, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत बडगे (तेही पुतळेच), आणि सगळे ओरडतात, "इडा पीडा घेऊन जा गे मारबत". तर ते पान मी केलं आणि लेकीला म्हटलं त्या वर्षी काय काय जायला हवं होतं ते लिही, तिने लिहिलं "गणिताच्या सर आणि मच्छर". आता हे पान कुठल्या डिझाइन टीमला जमणार सांगा.

खळ_आणि_कात्री

गणिताच्या सर!!! 😂😂 ते 'च्या' तसंच ठेवलंत ना? दुरुस्त केलं नाहीत ना?

निवांत_नागपूर

मुळीच नाही. तिच्या अक्षरात, खोडलेलं खोडलेलं तसंच आहे.

दूरदेशी_करंजी

मी गेली चौदा वर्षं अमेरिकेत, सॉल्ट लेक सिटीच्या जवळ राहते. आता तुम्ही म्हणाल ही कशाला मध्ये, पण हे आमचं गाव म्हणजे या छंदाचं आळंदी आहे म्हणा ना. इथल्या मॉर्मन पंथाच्या लोकांना घराण्याचा इतिहास जपायचं धार्मिक महत्त्व आहे, वंशावळी, डायऱ्या, फोटो सगळं नीट ठेवतात. १९८० मध्ये इथे वंशावळ-नोंदींची मोठी जागतिक परिषद भरली होती, तिथे जवळच्याच स्पॅनिश फोर्क गावच्या मॅरिलेन ख्रिस्टेन्सन या बाईंनी आपल्या घरच्या अल्बमांचे खंडच्या खंड मांडले, लोक विचारत सुटले की कसं केलं, सामान कुठे मिळतं, म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी दुकानच काढलं. आज जे काही १२ बाय १२ इंची पानांचं प्रकरण जगभर चालतं त्याचं मूळ बरंचसं तिथे आहे. मे महिन्याचा पहिला शनिवार तर स्क्रॅपबुक दिवस म्हणूनच पाळतात.

पण मला सांगायचंय ते एकत्र बसण्याबद्दल, कारण धागा काढणाऱ्या ताईंनी लाजत लाजत विचारलंय. इथे त्याला क्रॉप म्हणतात, फोटो कापणे यावरून. शनिवारी एखाद्या हॉलमध्ये किंवा कुणाच्या तळघरात टेबलं मांडायची, प्रत्येकीने आपलं सामान आणि एक खायचा पदार्थ आणायचा, सकाळी नऊ ते रात्री नऊ. मधेच कुणीतरी चिठ्ठी काढतं, "पुढच्या वीस मिनिटांत शेजारणीच्या कचऱ्यातला तुकडा वापरून काहीतरी करा". मी पहिल्यांदा गेले तेव्हा चकल्या घेऊन गेले होते आणि बारा तास कोणाशी काय बोलायचं या विचाराने पोटात गोळा आला होता.

मी आईचा फोटो लावत होते, ती पुरणपोळी लाटतेय असा, खाली सुंदर अक्षरात लिहिलं "आई, मार्च २०११, सातारा". शेजारी सत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या, त्यांनी विचारलं हे काय करतेय ती? मी सांगितलं. मग म्हणाल्या ते हातावर पांढरं काय आहे? मी म्हटलं पट्टी आहे, भाजलं होतं. कधी? आणि भाजलेल्या हाताने का करतेय? आणि मी बोलत सुटले हो, की मी दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा इकडे यायला निघणार होते आणि आई ऐकेना, बाबा ओरडत होते हॉटेलातून आणू म्हणून, आणि त्या पोळ्या मी मुंबई एअरपोर्टवरच संपवल्या. त्या बाई एवढंच म्हणाल्या की मग तू पानावर तारीख कशाला लिहिलीस, हे लिही ना.

तेव्हापासून मी एकटीने पान संपवत नाही. अर्धं करते आणि कोणालातरी दाखवते, जे दोन प्रश्न येतात त्यांची उत्तरं लिहून काढते. ग्रुपचा उपयोग मला तरी एवढाच झालाय, लाइकांचा नाही. ताई, तुम्ही फ्रीझरचा फोटो टाकलात तिथे कोणी विचारलं का बर्फ का साठला होता?

अर्धवट_पान

दूरदेशी ताई, कोणी नाही विचारलं. उत्तर असं आहे की त्या फ्रीझरचं दार तीन वर्षं नीट लागत नाहीये आणि आम्ही त्याला नाड्याने बांधतो, कारण मेकॅनिक आला की ते बरोबर लागतं. नाडा फोटोत दिसतोय पण.

बापरे, हे लिहायला हवं होतं नाही का.

खळ_आणि_कात्री

नाडा!! आमचीपण सेम स्टोरी, आमच्याकडे ओढणी आहे.

जुनी_पेठ

मी सत्तरीतला माणूस, इथे बायकांच्या गप्पांत शिरतोय, क्षमस्व. पण धागा काढणाऱ्या सूनबाईंच्या सासूबाईंनी चिकटवही म्हटलं म्हणून राहवलं नाही.

आमच्या वेळी क्रिकेटची चिकटवही प्रत्येक वाड्यात एक तरी असायची. माझी १९७१ ची. वाडेकरच्या टीमने आधी वेस्ट इंडिजमध्ये सिरीज जिंकली आणि मग उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये. ओव्हलला चंद्रशेखरने ३८ धावांत ६ काढले आणि इंग्लंड १०१ ला गुंडाळलं, दुसऱ्या दिवशी आपण जिंकलो, २४ ऑगस्ट, आणि त्या दिवशी गणेश चतुर्थी. तिथे मैदानात लोकांनी हत्तीण आणली होती, तो फोटोही चिकटवलाय. पेपरची कात्रणं, घोटीव कागदाची बॉर्डर, आणि चिकटवायला आईने केलेली कणकेची खळ.

परवा ती वही काढली. खळ म्हणजे कसरीला मेजवानी, अर्ध्या पानांची जाळी झालीये. बाकी कात्रणं चहासारखी तपकिरी, हात लावला की तुकडा पडतो. वृत्तपत्राच्या कागदात लाकडातला लिग्निन तसाच राहिलेला असतो, उजेड-हवा लागली की तो पिवळा पडतो आणि कागद ठिसूळ होतो. जिथे मी नंतर पारदर्शक चिकटपट्टी लावली तिथे तर तेलकट तपकिरी डाग आणि पट्टी सुटून गेलेली. म्हणून मुलींनो, कात्रण लावायचं तर चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून ती लावा, मूळ वेगळ्या पाकिटात ठेवा. पुण्यात असाल तर शिवाजीनगरला हातकागद संस्थेत जा, सुती चिंध्यांपासून केलेला कागद मिळतो, त्यात लाकूडच नाही. वेरूळच्या वाटेवर कागजीपुऱ्यातही हातकागद करतात, गावाचं नावच त्यावरून पडलं. बाहेरून मागवलेल्या पॅडांपेक्षा मला तो जास्त शोभतो असं वाटतं, पण माझं वय झालं.

आता खरी गोष्ट. त्या वहीत स्कोअरकार्डं आहेत, गावसकर आहे, वाडेकर आहे, ते सगळं आज नातवाला फोनवर मिनिटात सापडतं, माझ्यापेक्षा स्वच्छ. नातवाने वही उलटीसुलटी केली आणि एका समासात पेन्सिलीने लिहिलेलं वाचून दाखवलं, माझ्याच अक्षरात, "आरती लौकर उरकली. मोदक ११." मी साफ विसरलो होतो. संध्याकाळची आरती, कॉमेंट्री चालू, आणि वडिलांनी, ज्यांनी जन्मात कधी आरतीचं एक कडवं गाळलं नाही, त्यांनी त्या दिवशी थेट मंत्रपुष्पांजलीला हात घातला. आजी रात्रभर बोलत नव्हती त्यांच्याशी. सत्तेचाळीस पानांत हे एवढंच फोनवर सापडत नाही.

निवांत_नागपूर

काका 🙏 मंत्रपुष्पांजलीला थेट हात! वडील थोर होते.

दूरदेशी_करंजी

"मोदक ११" हे माझ्या पुढच्या पानाचं टायटल असतं, तुमचं आहे म्हणून सोडते.

थेट_बोलू

काका, बायकांच्या गप्पा नाहीयेत, मीपण पुरुषच आहे. बाइकच्या ट्रिपांच्या चिकटवह्या करतो. आतापर्यंत सांगितलं नव्हतं 😐

खळ_आणि_कात्री

थेट_बोलू पकडले गेले. पानाचा फोटो टाका, नाहीतर मॉडरेटरना सांगते.

ओलं_खोबरं (रत्नागिरी)

सगळे भावनिक झालेत तर मी जरा कामाचं बोलतो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली असते, त्यामुळे जे तुमच्याकडे चार वर्षांत होतं ते इथे एका पावसात होतं. माझे प्रयोग:

पांढरा फेविकॉल फोटोमागे थापू नका, त्यात पाणी असतं, कागद पिऊन फुगतो आणि पापडासारखा वाकतो. ग्लू स्टिक किंवा चांगली डबल साइड टेप. पानाचा कागद जाड घ्या, २०० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) वरचा, शाळेचा साधा कार्डशीट लवकर पिवळा होतो म्हणून पाकिटावर अॅसिड फ्री लिहिलंय का बघा. १२ बाय १२ चा हट्ट सोडा, त्या मापाचा कागद पण महाग, अल्बम पण महाग, आणि आपल्याकडचे प्रिंटर, फायली, पारदर्शक पाकिटं सगळं ए फोर. ए फोरच्या पानावर पोस्टकार्ड साइझचे दोन फोटो बसून लिहायला जागा उरते.

तिकिटं. हे महत्त्वाचं आहे. हल्ली एसटीचं मशीनचं तिकीट, एटीएमची पावती, मॉलचं बिल हे सगळं थर्मल कागदावर असतं, शाई नसतेच, उष्णतेने काळं होतं. ते वर्षा-दोन वर्षात कोरं होतं, चिकटपट्टी लावली तर आणखी लवकर. लॅमिनेशन तर चुकूनही करू नका, मशीन गरम असतं, अख्खं तिकीट काळंकुट्ट होऊन बाहेर येतं. मी केलंय, बायकोसोबतच्या पहिल्या सिनेमाचं, ती अजून बोलून दाखवते. झेरॉक्स काढा त्याच दिवशी.

ज्यांच्या लग्नाचे फोटो त्या जुन्या चिकट पानांच्या, वर प्लास्टिक असलेल्या अल्बममध्ये आहेत त्यांनी ते काढायला घ्या, तो गोंद आणि ते प्लास्टिक दोन्ही फोटो खातात. ओढू नका. आधी आहे तसा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, मग दात साफ करायचा दोरा, फ्लॉस म्हणतात तो, फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवा.

कसरीसाठी आजी पोथ्यांत वेखंड ठेवायची, मी पण ठेवतो, पुरचुंडीत बांधून कपाटात, पानावर नाही. आणि सिलिका जेलच्या पुड्या, चपलांच्या खोक्यात येतात त्या टाकून देऊ नका.

अर्धवट_पान

किती लिहिलंत सगळ्यांनी, मी लोकलमध्ये वाचत होते, माझं स्टेशन चुकलं, ठाकुर्लीला उतरून परत आले.

ठरवलंय. ५२ आठवड्यांचं सोडलं, तिथे तसं लिहूनही टाकलं, आणि गंमत म्हणजे खाली तीन जणींनी लिहिलं की आम्ही पण मागे पडलोय, बोलायचं कसं कळत नव्हतं.

पण मला इथेच तुमच्याबरोबर काहीतरी करायचंय. म्हणजे चॅलेंज म्हणा. निवांत ताई तुमच्या डब्यातली एक चिठ्ठी काढाल का?

निवांत_नागपूर

काढली. खरंच काढली, लेकीने डोळे मिटून काढली. "वाटेत झालेला उशीर."

नियम मी सुचवते, बाकीच्यांनी बदला. नवीन काही विकत आणायचं नाही. घरात आधीपासून पडलेला एक कागद वापरायचा, कसलाही, पत्रिका, कॅलेंडर, बिल. मुदत नाही.

थेट_बोलू

मुदत नाही म्हटलं की मी करणार नाही, मी स्वतःला ओळखतो. तीन आठवडे ठेवा.

दूरदेशी_करंजी

आणि माझी एक अट, अर्धं झालं की इथे टाकायचं आणि दुसऱ्या कोणीतरी दोन प्रश्न विचारायचे. "वा मस्त" चालणार नाही.

जुनी_पेठ

मी जुन्याच वहीत करणार. ४८ वं पान कोरं आहे.

खळ_आणि_कात्री

मी 'वा मस्त' शिवाय काय लिहू, मला तेवढंच येतं 😭 बरं, प्रयत्न करते. डोंबिवली-ठाणे-कल्याणच्या कोणी असाल तर महिन्यातून एक रविवार आमच्या सोसायटीचा हॉल मिळतो, फुकट आहे, पंखा एकच आहे. अर्धवट ताई विपु (विचारपूस) बघा.

अर्धवट_पान

(तीन आठवड्यांनी)

अर्धं पान टाकलं होतं त्यावर काकांनी आणि ओलं_खोबरं यांनी प्रश्न विचारले होते, त्यामुळे पुढचं सगळं झालं, म्हणून सांगते.

घरातला कागद शोधत होते, सासूबाईंना विचारलं काही आहे का जुनं, तर त्यांनी पोथीतून खूण म्हणून घातलेलं एसटीचं तिकीट काढून दिलं, ते जुनं, कंडक्टर भोकं पाडायचा ते. मी म्हटलं छान, आणि त्यांचा एक जुना फोटो होता आमच्याकडे, लाल डब्यासमोर उभ्या, हातात पिशवी, तो लावला, शेजारी तिकीट ठेवलं आणि लिहिलं "आई, चिपळूण". इथे टाकलं. काकांनी विचारलं की बाई एकट्याच का उभ्या आहेत, फोटो काढला कोणी? आणि ओलं_खोबरं म्हणाले की तिकिटाला इतकी भोकं म्हणजे प्रवास लांबचा दिसतोय, कुठे चालल्या होत्या?

मी फोन घेऊन आत गेले आणि दोन्ही प्रश्न जसेच्या तसे विचारले. लग्नाला चौदा वर्षं झाली माझ्या, मला माहीतच नव्हतं. त्या मुंबईला नोकरीच्या इंटरव्ह्यूला चालल्या होत्या, पहिल्यांदा एकट्या, फोटो काढला त्यांच्या भावाने, जो सोडायला आला होता आणि घरी सांगून आला होता की ताई मामाकडे चाललीये. महाडला गाडी बंद पडली. चार तास. दुसरी गाडी येईपर्यंत त्यांनी एका अनोळखी बाईबरोबर बसून भेळ खाल्ली, मुंबईला पोचल्या तेव्हा ऑफिस बंद झालेलं. "मग?" म्हटलं. "मग काय, दुसऱ्या दिवशी गेले, शिपायाने आत सोडलं नाही, तिसऱ्या दिवशी परत गेले." एकतीस वर्षं त्याच ऑफिसात काढली त्यांनी, हे मला माहीत होतं, तिसऱ्या दिवसाचं नव्हतं.

मी ते सगळं लिहायला घेतलं तर म्हणाल्या तुझं अक्षर बारीक आहे, दे इकडे. त्यांनीच लिहिलंय, चष्मा लावून, महाडच्या भेळेला तीन ओळी आणि इंटरव्ह्यूला एक.

स्केच वगैरे काही पाळलं नाही. वॉशी टेप एकच लावली, निळी, तीही त्यांनी निवडली. रविवारी खळ_आणि_कात्रीच्या हॉलमध्ये आम्ही चौघी होतो, पाचव्या या. पंखा खरंच एकच आहे.

थेट_बोलू, तुमच्या कसारा घाटातल्या पंक्चरच्या पानाला माझे प्रश्न: हातात जॅक आहे तर बाइकला जॅक कशाला, आणि मागे ती गाय कोणाची?

आणि काका, एक घोळ झालाय. मी टेप आणायला आत गेले तेवढ्यात सासूबाईंनी तिकीट भाताची शितं लावून चिकटवून टाकलं. मूळ तिकीट. याला कसर लागेल का?

जुनी_पेठ

लागणार. सुटत असेल तर वाळायच्या आत सोडवा, नसेल तर आज झेरॉक्स काढून ठेवा आणि कपाटात वेखंड.